कार्ड फॉरमॅट मारण्याआधी : मराठवाड्यातल्या शूटिंगवाल्यांना खुले पत्र

प्रति,
मराठवाड्यातले समस्त फोटो स्टुडिओवाले, लग्नाचं शूटिंग करणारे आणि त्यांच्याकडे एडिटिंगला बसणारी पोरं यांना,

स. न. वि. वि.

तुळशीचं लग्न लागलं की तुम्ही कुणाच्या हाती लागत नाही, म्हणून हे पत्र त्याआधी लिहितो आहे. अशी पत्रं खरं तर कुलगुरूंना किंवा सांस्कृतिक खात्याला लिहायची पद्धत आहे. ती लिहिली की पोच मिळते. माझं काम पोचेवर भागणारं नाही. मला हवी असलेली वस्तू ना खात्याकडे आहे, ना विद्यापीठाकडे. ती तुमच्या दुकानाच्या पोटमाळ्यावर, जुन्या अल्बमच्या नमुन्यांखाली, खोक्यात पडली आहे. नवी असेल तर टेबलावरच्या हार्ड डिस्कमध्ये आहे, आणि जागा संपली म्हणून तुम्ही त्यातलं काहीतरी आज-उद्या उडवणार आहात.

उडवू नका, एवढीच विनंती आहे. कच्चं शूटिंग ठेवा. का, ते सांगायला जरा लांबून यावं लागेल.

डॉक्युमेंटरी म्हटलं की आपल्याला आठवतं ते जीप घेऊन आलेलं युनिट. दुष्काळ पडला की ते येतं, भेगाळलेल्या रानाचा शॉट घेतं, एखाद्या म्हातारीला डोक्यावर घागर देऊन दोनदा चालायला लावतं आणि अंधार पडायच्या आत हायवेला लागतं. त्यांच्यातही चांगली माणसं असतात, नाही असं नाही. पण गेल्या पंधरा-वीस वर्षांत युद्धाबद्दलचे जे चित्रपट जगाने डोक्यावर घेतले, त्यातले कितीतरी अशा युनिटने काढलेले नाहीत. ज्यांच्या गल्लीत रणगाडा आला, ज्यांच्या शाळेत सैनिक आले, त्यांनीच ते काढले. त्यातली काही माणसं तर थेट तुमच्याच धंद्यातली.

पावेल तालान्किनचं बघा. रशियात उरल पर्वताच्या बाजूला काराबाश नावाचं तांबं वितळवणाऱ्या कारखान्याचं गाव आहे. हा तिथल्या शाळेत कार्यक्रम बसवायचा आणि त्यांचं शूटिंग करायचा. स्नेहसंमेलन, निरोप समारंभ, बक्षीस वाटप, म्हणजे जानेवारी महिन्यात तुम्ही झेडपीच्या शाळांतून जे करता तेच. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि वरून हुकूम आला की मुलांना देशभक्तीचे नवे तास घ्या, तास घेतल्याचा पुरावा म्हणून त्याचं शूटिंग करा आणि सरकारला पाठवा. पुरावा काढायचं काम अर्थातच याच्याकडे आलं. त्याने ते केलं. वर पाठवायचं ते पाठवलं आणि बाकीचं स्वतःकडे ठेवलं. पाठ केलेली उत्तरं म्हणणारी पोरं, अडखळत कागद वाचणारे मास्तर, भाडोत्री सैनिकांनी शाळेत येऊन दाखवलेली शस्त्रं, हे सगळं त्याच्याकडे साठत गेलं. सरकारला वाटत होतं हा आपलं काम करतो आहे. हेडमास्तरांनाही तसंच वाटत असणार. २०२४ मध्ये तो चित्रण घेऊन देशाबाहेर पडला. डेव्हिड बोरेनस्टाइन या दिग्दर्शकाबरोबर त्याचा 'मिस्टर नोबडी अगेन्स्ट पुतिन' हा चित्रपट झाला आणि २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात त्याला ज्युरीचं खास बक्षीस मिळालं.

या माणसाने गोळीबाराच्या ठिकाणी जाऊन काहीच काढलं नाही. रोजच्या ड्युटीवर जे समोर आलं ते काढलं आणि फेकलं नाही.

दुसरा इमाद बुर्नात. पॅलेस्टाइनमधल्या बिलइन गावचा शेतकरी. २००५ मध्ये चौथा मुलगा झाला तेव्हा त्याचं बाळपण टिपायला म्हणून त्याने कॅमेरा घेतला. आपल्याकडे बारशाला बोलावतात तुम्हाला, तसंच ते काम. नेमकी त्याच सुमारास गावच्या रानातून इस्रायलची भिंत जाऊ लागली आणि गाव दर शुक्रवारी मोर्चा काढू लागलं. एकाच कॅमेऱ्यात पोराची पहिली पावलं आणि उपटलेली जैतुनाची झाडं येत गेली. सैनिकांनी, गोळ्यांनी, आपटाआपटीने एकामागून एक पाच कॅमेरे मोडले, म्हणून चित्रपटाचं नाव 'फाइव्ह ब्रोकन कॅमेराज'. ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला तो. दिग्दर्शनात त्याच्या जोडीला गाय दाविदी हा इस्रायली होता, हेही सांगायला हवं. शेतकऱ्याने शेकडो तास काढले आणि पुढे त्यातून चित्रपट उभा करायला दुसरा माणूस मिळाला. कच्चं ठेवलं होतं म्हणून मिळाला.

वाद अल-कतिबची गोष्ट तुम्हाला जास्त पटेल, कारण तिच्या चित्रपटात एक लग्न आहे. ती सीरियातल्या अलेप्पोत शिकायला होती. २०११-१२ मध्ये निदर्शनं सुरू झाली तेव्हा हातातल्या मोबाइलवर शूटिंग करू लागली, मग कॅमेरा आला. शहरात लढाई सुरू झाली, ती तिथेच राहिली, तिथल्या दवाखान्यात काम करणाऱ्या डॉक्टरशी लग्न केलं, तिला मुलगी झाली, आणि मग शहराला वेढा पडला. 'फॉर सामा' (२०१९) हा चित्रपट त्या मुलीला सांगितलेली हकिकत आहे. त्यात विमानं आहेत, रक्त आहे, ते असणारच. पण लढाईतल्या शहरात नवरा-नवरी नाचतायत आणि भोवती मोजकी माणसं आहेत, तो भाग पाहिल्यावर कळतं की युद्ध नावाचा प्रकार बातम्यांत का दिसत नाही. बातमीवाला लग्नाला थांबत नाही. त्याला बॉम्ब पडल्यावर बोलावतात. (युक्रेनमधल्या मारिउपोल शहरावरच्या चित्रपटाला ऑस्कर मिळवणारा मस्तिस्लाव चेर्नोव्ह पक्का वार्ताहर होता. त्याच्या हिमतीला सलाम, पण तो वेगळा प्रकार झाला.)

आणखी एकच. २०२५ चं ऑस्कर मिळालेल्या 'नो अदर लँड'मध्ये बासेल अद्रा आणि त्याचे साथीदार पॅलेस्टाइनमधल्या मसाफेर यत्तातल्या घरांवर चाललेले बुलडोझर दाखवतात. त्या चित्रपटाला खोली आली ती त्यात मधे मधे येणाऱ्या जुन्या घरगुती चित्रणामुळे. बासेल लहान असतानाचं गाव, त्याचा तरुण बाप, गावकऱ्यांनी बांधलेली शाळा. ते काढताना कुणालाही वाटलं नसेल की याचा कधी चित्रपट होईल.

आता आपल्याकडे या.

मी उमरग्याच्या बाजूला इतिहास शिकवतो. दर वर्षी १७ सप्टेंबरला झेंडावंदन होतं, मुक्तिसंग्रामावर भाषण करावं लागतं, आणि दर वर्षी मला जाणवतं की आपल्याजवळ दाखवायला काही नाही. रझाकारांनी गावं लुटली, जाळली, माणसं मारली. १३ सप्टेंबर १९४८ ला फौजा आत शिरल्या आणि १७ तारखेला निजाम शरण आला. पुढे विमानतळावर त्याने सरदार पटेलांना हात जोडल्याचा फोटो सगळ्यांनी पाहिला आहे. तो सरकारी फोटो. फौजा आल्यानंतरच्या आठवड्यांत उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा या जिल्ह्यांतल्या मुसलमान वस्त्यांवर जे झालं त्याचा फोटो नाही. पंडित सुंदरलाल यांची समिती त्याच वर्षाअखेर इथे फिरून गेली आणि मेलेल्यांचा अंदाज २७ ते ४० हजार असा तिने दिला. तो अहवाल कित्येक दशकं लोकांपुढे आला नाही. रझाकारांच्या हातून काय झालं ते एका घरात सांगितलं जातं, नंतर काय झालं ते दुसऱ्या घरात, आणि दोन्ही घरांतले सांगणारे आता जवळजवळ संपले. कागद सरकारच्या कपाटात असला की तो कधी बाहेर काढायचा तेही सरकारच ठरवतं.

१९७८ लाही तेच. विधिमंडळाने २७ जुलैला विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि पुढे गावोगावच्या दलित वस्त्या पेटल्या. माणसं गाव सोडून रानात राहिली. त्या दिवसांची साक्ष गाण्यांत आहे, आत्मचरित्रांत आहे, वर्तमानपत्रांच्या कात्रणांत आहे. वस्तीच्या आतून काढलेलं चित्रण माझ्या पाहण्यात आलं नाही. येणार कुठून? कॅमेरा तेव्हा श्रीमंताघरची चीज होती आणि जळत होती ती घरं श्रीमंतांची नव्हती.

मग व्हीएचएस आलं, आणि इथून पुढचा इतिहास तुमच्या दुकानात आहे.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटं. ही वेळ आमच्या भागात शेंबड्या पोराला पाठ आहे. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बुडवून माणसं उशिरा झोपली होती. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचं ओझं. सरकारी हिशेबातच आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. नंतरचे दिवस देशोदेशीच्या कॅमेऱ्यांनी टिपले. मंत्र्यांचे दौरे, लष्कराचे जवान, चितांच्या रांगा, तंबू, सगळं टिपलं. मला भूकंपानंतरचं फारसं नको आहे. मला त्याआधीचं पाहिजे.

औसा आणि उमरगा तालुक्यांतली, आसपासची मिळून ५२ गावं जुन्या जागेवरून उठली आणि नव्या जागी वसली. रुंद रस्ते, सरळ रांगा, पाट्यांवर प्लॉट नंबर. पूर्वीची वेस, बोळ, चावडी, पाराचा कट्टा, वाड्याची देवडी, कासाराचं घर कुठे आणि मशीद कुठे, महारवाड्याकडून पाण्याला जायची वाट कुठली, हे आता जुन्या जाणत्यांच्या डोक्यात आहे, नाहीतर बाभळी माजलेल्या ढिगाऱ्यांखाली. त्या गावाचा हलता चित्रपट कुणी काढला असेल? तुम्हीच काढला. १९८७-८८ पासून पुढे, ज्याच्या घरी दोन पैसे होते त्याने पोरीच्या लग्नात लातूरहून, उमरग्याहून शूटिंगवाला आणला. खांद्यावर पॅनासॉनिक, मागे एक पोरगा दिवा धरून, वायर सांभाळत दुसरा. आणि तुम्ही सगळ्यात जास्त काय काढलंत? वरात. मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत, सगळ्या गावातून, घोड्यापुढे उलटं चालत. बाजेवाले नाचत होते म्हणून तुम्ही थांबलात, आणि तुम्ही थांबलात म्हणून मागची भिंत पाच मिनिटं पडद्यावर राहिली.

अशी एक कॅसेट आम्ही काही जणांनी चालवून पाहिली. ५२ पैकीच एका गावातलं लग्न, भूकंपाच्या दोन-एक वर्षं आधीचं. नवीन गावात, टीव्हीपुढे जमलेल्या घरात लावली. नवरा-नवरीकडे कुणाचं लक्ष नव्हतं. "ते बघ, पाटलाचं माळवद." "थांब थांब, मागं घे, त्या खिडकीत आक्का हाय." एक म्हातारे गृहस्थ उठून पडद्याजवळ गेले आणि बोटाने एकेक दार दाखवत घरात कोण कोण होतं ते सांगू लागले. आम्ही वहीत लिहून घेत होतो, तरी लिहिणं पुरेना. त्या दिवशी त्या गावाचा नकाशा झाला. महसूल खात्याच्या नकाशावर घरांच्या चौकटी होत्या, त्या घरांत कोण होतं ते या वरातीने सांगितलं.

ही कॅसेट वाचली कारण ती मुलीच्या सासरी, दुसऱ्या जिल्ह्यात होती. बाकीच्या बऱ्याच घराबरोबर गेल्या. पण घरच्यांना तुम्ही मिक्सिंग केलेली कॅसेट दिली होती. गाणी घातलेली, हार्टच्या आकारात नवरीचा चेहरा आणलेली, वरातीतला 'फालतू' भाग कापलेली. मूळ कॅसेट तुमच्याकडे राहिली. तिचं काय झालं, हे मी गेली काही वर्षं स्टुडिओ-स्टुडिओत विचारत फिरतो आहे. बहुतेकांचं उत्तर एकच: पुढच्या लग्नाला वापरली. कॅसेट महाग होती, धंदा उधारीवर होता, यात तुमचा दोष काढायला मी आलो नाही. त्या काळात दूरदर्शनसारख्या संस्थांनीही टेपा पुसून पुन्हा वापरल्या. पण सगळ्या पुसल्या गेल्या नसतील. काहींच्या दुकानात खोकी अजून आहेत, मी पाहिली आहेत. वडिलांनी ठेवली म्हणून पोराने टाकली नाहीत, पण त्यात काय आहे ते पोराला ठाऊक नाही.

आणि आत्ताचं? आता कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे, तेव्हा साठा कितीतरी पट व्हायला हवा होता. झालं उलटंच. १ सप्टेंबर २०२३ ला अंतरवाली सराटीत लाठीमार झाला, संध्याकाळच्या आत महाराष्ट्रभर क्लिपा फिरल्या. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, मग बंद, मग पोलिसांची धरपकड, तेव्हाही तेच. सप्टेंबर २०२५ चा पाऊस आठवा. सीना, मांजरा, सिंदफणा घरात शिरल्या, गुरं दावणीला बांधलेली वाहून गेली, आणि लोकांनी पत्र्यावर बसून शूटिंग केलं. आज त्यातलं काय हाती लागतं? तीस सेकंदांचे तुकडे, वर रडकं गाणं, खाली कुणाच्या तरी चॅनलचं नाव. गाव कुठलं, तारीख कुठली, काढलं कुणी, काही पत्ता नाही. व्हॉट्सॲपवरून व्हिडिओ पाठवला की तो दाबला जातो आणि फाइलच्या पोटातली तारीख-वेळ-ठिकाणाची नोंद पुसली जाते. चार ग्रुप फिरून आलेला व्हिडिओ दुसऱ्या जिल्ह्यातल्या दुसऱ्या पुराचा म्हणूनही खपतो, खपला आहे.

यूट्यूबवर टाकलंय, राहील की, असं म्हणणाऱ्यांनी सीरियाचं उदाहरण ऐकावं. तिथल्या लोकांनी जीव धोक्यात घालून यूट्यूबवर टाकलेले हजारो व्हिडिओ २०१७ मध्ये कंपनीच्या यंत्रानेच हिंसक म्हणून काढून टाकले. सीरियन अर्काइव्ह नावाचा गट आधीपासून प्रती उतरवून ठेवत होता, म्हणून बरंच वाचलं आणि काही नंतर परत मिळवता आलं.

तुमच्यापैकी काही म्हणतील, हे सगळं ठेवून उपयोग काय, कोर्टात तर मोबाइलचं शूटिंग चालत नाही. चालतं. कसं चालतं, याचा देशभरातल्या वकिलांना पाठ असलेला निकाल आपल्या जालन्याचा आहे. २०१४ ची विधानसभा निवडणूक, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल. उमेदवारी अर्ज दुपारी तीनची मुदत संपल्यावर घेतला का, असा वाद. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयात आत-बाहेर व्हिडिओ शूटिंग सुरू होतं. आता ते कॅमेरे कुणी धरले होते कोण जाणे, पण तुमच्यापैकीच कुणी असेल तर त्याला मानलं पाहिजे. औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये त्या चित्रणाच्या आधारे निवडणूक रद्द ठरवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि जुलै २०२० मध्ये न्यायालयाने सांगितलं की मूळ उपकरण कोर्टात आणलं तर प्रश्नच नाही. नुसती नक्कल आणली तर सोबत प्रमाणपत्र लागेलच. जालन्याच्या प्रकरणात ते प्रमाणपत्र वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी दिलं नव्हतं, म्हणून न्यायालयाने मागणाऱ्याला सूट दिली. १ जुलै २०२४ पासून नवा भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात फाइलची हॅश व्हॅल्यूही लिहावी लागते. हॅश म्हणजे फाइलवरून यंत्राने काढलेला एक लांबलचक आकडा. फाइलमध्ये एक अक्षर बदललं तरी तो बदलतो. फुकटच्या सॉफ्टवेअरने मिनिटात निघतो. तुमच्या एडिटिंगच्या पोरांना हे शिकायला एक दुपार पुरे.

म्हणजे मूळ कार्ड, मूळ फाइल, मूळ कॅसेट यांना कायद्यातही किंमत आहे. गाणं घातलेल्या फाइलला नाही.

इथे एक अवघड गोष्ट बोलली पाहिजे. जपणं हे एक काम आणि पसरवणं हे दुसरं. दोन्हींची गल्लत होते आणि त्यात माणसं भरडली जातात. बर्मात २००७ मध्ये भिक्खू रस्त्यावर उतरले तेव्हा लपवलेल्या हँडीकॅमवर शूटिंग करणाऱ्यांनी चित्रण देशाबाहेर पोचवलं, जगाने पाहिलं. मग त्या चित्रणकारांपैकी अनेक पकडले गेले आणि वर्षानुवर्षं तुरुंगात राहिले. दंगलीच्या, मोर्चाच्या चित्रणातले चेहरे पोलीसही बघतात आणि गल्लीच्या दुसऱ्या टोकाचे लोकही बघतात. दगड मारणाऱ्याशेजारी नुसता उभा असलेला पोरगा त्यात सापडतो. घर जळत असताना बाहेर पळालेली बाई डोक्यावर पदर नसताना त्यात सापडते. असलं चित्रण जपा आणि कुणाला दाखवू नका. दहा वर्षं दाखवू नका. त्यात असलेल्या माणसांना विचारल्याशिवाय तर कधीच दाखवू नका. कपाटात ठेवलेलं चित्रण नंतर कधीही काढता येतं, ग्रुपवर टाकलेलं परत घेता येत नाही.

आणि शूटिंग मारणारेही करतात. बीड जिल्ह्यातल्या एका सरपंचाच्या खुनात मारेकऱ्यांनीच मोबाइलवर चित्रण केलं होतं, असं तपासात पुढे आलं. त्यातले फोटो मार्च २०२५ मध्ये सगळीकडे फिरले. न्यायासाठी ते तपास यंत्रणेच्या आणि कोर्टाच्या हातात असणं गरजेचं होतं. आपल्या प्रत्येकाच्या फोनवर असणं मुळीच गरजेचं नव्हतं, आणि त्या घरातल्या लेकरांनी ते बघणं तर नाहीच नाही. ज्यांनी पुढे ढकलले त्यांना वाटलं आपण अन्यायाला वाचा फोडतो आहोत. मला ते पटत नाही.

जाता जाता तुमच्या धंद्यावर एक टीकाही करतो, राग मानू नका. तुमच्यात बाया नाहीत. कॅमेरा पुरुषाच्या खांद्यावर, म्हणून चित्रण अंगणापर्यंत. चुलीपुढे, माजघरात, न्हाणीघराच्या दारात काय बोललं जातं ते तुमच्या कुठल्याच कॅसेटमध्ये नाही. उदगीरहून बीदर ओलांडून पुढे गेलं की जहीराबादजवळ पस्तापूर लागतं. तिथल्या डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या दलित शेतकरी बाया, शाळेचं तोंड न पाहिलेल्या, कितीतरी वर्षांपासून कॅमेरा चालवतात. वारंगळकडच्या बीटी कापसाच्या शेतकऱ्यांचं त्यांनी हंगामभर चित्रण केलं, पेरणीपासून हिशेबापर्यंत. कारण त्यांना ठाऊक होतं की कापूस कसा गेला ते विचारायला एकदा जाऊन चालत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या बायांच्या हातात असा कॅमेरा कुणी दिला तर सहा महिन्यांच्या फडावरच्या जगण्याचं काय बाहेर येईल, याचा मी विचार करतो. तुमच्या दुकानात कामाला पोरगी ठेवा, एवढंच सध्या म्हणतो.

पैशाचं म्हणाल तर यात पैसे नाहीत. तुमचा धंदा मोबाइलने आधीच निम्म्यावर आणला आहे, त्यात हे फुकटचं काम कुणी करावं, हा प्रश्न रास्त आहे. म्हणून माझी मागणी छोटी आहे, आणि मोठी मागणी मी दुसऱ्यांकडे करणार आहे. मराठवाड्यात सरकारी विद्यापीठं आहेत, चित्रपट शिकवणारे विभाग आहेत, संभाजीनगरला दर वर्षी वेरूळ-अजिंठ्याच्या नावाने आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो. तिथे परदेशातले चित्रपट बघायला मीही रांगेत उभा राहतो. या सगळ्यांना मिळून एक थंड, कोरडी खोली आणि दोन-चार चालू व्हीसीआर ठेवणं अशक्य नाही. व्हीसीआर बनवणारी शेवटची जपानी कंपनी फुनाई, तिनेही २०१६ मध्येच ते बनवणं बंद केलं. आता जी यंत्रं आहेत ती आहेत, आणि त्यातली निम्मी तुमच्या पोटमाळ्यावर आहेत. भंगारवाल्याला देऊ नका.

तुमच्याकडून काय हवं ते सांगतो. दिवाळीची साफसफाई काढाल तेव्हा खोकी टाकू नका. जमेल तसं कॅसेटच्या पाठीवर गावाचं नाव आणि साल लिहा. आठवत नसेल तर वडिलांना विचारा, आणि वडील आहेत तोवर विचारा. १९९३ च्या आधीचं औसा, उमरगा, निलंगा, लोहारा भागातलं काही सापडलं तर तेवढं तरी बाजूला काढा. कॅसेट उभ्या ठेवा, पत्र्याखाली नको, ओलीला नको. उतरवून घेतलं तर दोन प्रती करा आणि दुसरी दुसऱ्या घरी ठेवा, कारण हार्ड डिस्कही मरते आणि नदी दोन्ही घरांत एकदम शिरत नाही. नवीन कामात, गावात पूर असो, मोर्चा असो की जाळपोळ, तुम्ही काढलेली मूळ फाइल नाव न बदलता एका फोल्डरला ठेवा आणि सोबत साध्या वहीत तारीख, जागा, कुणी काढलं एवढं लिहा. कुणाला पाठवायची झाली तर व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, मूळ फाइल तशीच जाते. गाणं घालायचं तर नकलेवर घाला. आणि शूटिंग करताना थोडं थांबा. घटना संपली तरी कॅमेरा बंद करू नका. लोक घरी कसे परततात, चूल पुन्हा कधी पेटते, पंचनाम्याला तलाठी किती वाजता येतो, हेही येऊ द्या.

लग्नवाल्या घरची मंडळी कच्चं मागतील तर त्यांनाही द्या. त्यांचा हक्क आहे तो. ठेवायचं की नाही, दाखवायचं की नाही, हे त्यांना विचारूनच ठरवा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
इतिहासाचा एक मास्तर,
उमरगा तालुका, जिल्हा धाराशिव

ता. क. : कॅसेटच्या खिडकीतून रिळावर पांढरी बुरशी दिसत असेल तर ती व्हीसीआरमध्ये घालू नका. टेप तुटेल आणि हेड खराब झालं की ती बुरशी पुढच्या कॅसेटला लागेल. तशी वेगळ्या खोक्यात, कोरड्या जागी ठेवा. ती साफ करणारी माणसं आहेत, शोधू आपण.